दार न उघडणाऱ्या गाड्या

आमच्या हॉलच्या भिंतीत, टीव्हीच्या उजव्या अंगाला, लिंबाएवढा खळगा आहे. तो मी पाडलेला. टीव्हीवरच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर एकाने आतून घुसून माझी गाडी रेतीत ढकलली आणि मी हातातला कंट्रोलर भिंतीवर फेकून मारला. कंट्रोलरचे दोन तुकडे झाले, गिलाव्याचा भुगा सोफ्यावर पडला आणि आतून बायको लाटण्यासकट बाहेर आली. तिने केरसुणी आणून माझ्या हातात दिली आणि परत चपात्या लाटायला गेली.

मी तापट माणूस आहे. हे सांगताना काही लोक मिशीला पीळ देतात, तसं मी सांगत नाही. टॉवेलच्या कारखान्यात मी रंगाईवर सुपरवायझर आहे. तिथे वाफेत आणि मशीनच्या धडधडीत ओरडल्याशिवाय कुणाला काही ऐकू जात नाही, त्यामुळे माझा आवाज तिथे खपून जातो. रस्त्यावर खपत नाही. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा सोलापुरात सात रस्ता चौकात एका रिक्षावाल्याने आमच्या स्कूटरला धक्का दिला. बायको मागे बसलेली, तिच्या पोटरीला नुसतं खरचटलं. मी त्या माणसाला कॉलर धरून रिक्षातून ओढला आणि मारला. एक-दोन फटके नाहीत. तो खाली बसला तरी मारत होतो. त्याचा ओठ फुटला, नाकातून रक्त आलं, आणि माझ्या बोटांवरचं रक्त त्याचं की माझं ते घरी हात धुताना कळलं. शेवटी त्याने हात जोडले. हात जोडलेल्या माणसालाही मी आणखी एक दिली. ती एक मला अजून आठवते, कारण ती मारताना मला बरं वाटलं होतं.

घरी आल्यावर बायकोने पोटरीला हळद लावली आणि शांतपणे सांगितलं, "आज त्यो हुता. उद्या मी आसंन, परवा लेकरू. वस्तू फोडा, भांडी आपटा, केर तुमीच काढायचा. पण तुमचा हात परत माणसावर उठला की मी करमाळ्याला जाणार. दुसऱ्यांदाची वाट बघणार न्हाय."

करमाळा तिचं माहेर. ती धमक्या देणारी बाई नाही. दूधवाल्याला एकदा म्हणाली होती की पुन्हा पाणी दिसलं तर बंद करीन, आणि पुन्हा पाणी दिसलं तेव्हा पातेलं त्याच्या दारात उपडं करून आली. त्यामुळे तिचं बोलणं मी गाठीला बांधून ठेवलं. आठ वर्षं मी माणसावर हात टाकला नाही.

टाकला नाही म्हणजे मी साधू झालो असं नव्हे. मी खेळ आणला. मोटारींच्या शर्यतीचा, टीव्हीला जोडायचा. त्यात खऱ्या कंपन्यांनी रीतसर परवानगी देऊन आपापल्या गाड्या दिलेल्या असतात. दिव्याची काच, सीटची शिवण, इंजिनाची गुरगुर, सगळं त्या त्या गाडीचं. ट्रॅकही खरे, कुठल्या वळणाला किती उतार आहे ते मोजून घेतलेले. टायर तापतात, झिजतात, पावसात गाडी हातातून सुटते. सुरुवातीला परीक्षा देऊन त्यातलं लायसन काढावं लागतं. एक मात्र आहे. दोनशेच्या वेगाने गाडी भिंतीवर घातली तरी बंपर चेपतो, बॉनेट वाकतं, काच तडकते, आणि बस. गाडी जळत नाही. तिचा चुराडा होत नाही. दार तर उघडतच नाही. खेळातले जाणकार सांगतात की कंपन्याच तसं होऊ देत नाहीत. आपली गाडी पेटलेली लोकांना कोण दाखवेल? आत हेल्मेट घातलेला ड्रायव्हर बसलेला दिसतो. आपटल्यावर तो मान हलवत नाही की ओरडत नाही.

मला नेमकं हेच हवं होतं. जोरात मारायचं आणि कुणाला लागायचं नाही. कंट्रोलर फुटला त्या दिवाळीला मी स्टीअरिंग आणि पेडल आणले. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. तिच्या शिलाई मशीनचं टेबल रिकामं पडलं होतं, त्याला स्टीअरिंग आवळून बसवलं. कारखान्यातून आलो की हातपाय धुवायच्या आधी दोन-चार गाड्या ठोकायच्या. पुढच्याला मागून धडक, बाजूच्याला कठड्यावर रगडायचं, आणि दातओठ खात म्हणायचं, घे. बायको म्हणायची, चुलीत जाऊ दे तो खेळ, पण घरात शांतता आहे ना.

या शांततेत आबा आले.

आबा म्हणजे माझे वडील. ते ट्रक चालवायचे. आमच्या जुन्या घरात खुंटीला त्यांचा शर्ट आणि शर्टाच्या मागे पट्टा असायचा. फेरीवरून आले आणि त्यांचा हात खुंटीकडे गेला की मी कोपर डोक्यावर घेऊन बसायचो. कधी कधी ते नुसता शर्टच अडकवत असायचे. दप्तर रस्त्यात पडलं म्हणून मारलं, चड्डी फाटली म्हणून मारलं, एकदा हसलो म्हणून मारलं, आणि कशाला हसलो ते मला आजही आठवत नाही. आई मध्ये पडली की तिच्याही वाट्याला यायचं.

सगळ्यांत मोठा मार मोडनिंबचा. मी नऊ वर्षांचा होतो, मे महिन्याची सुट्टी होती, क्लीनर गावाला गेला म्हणून आबांनी मला केबिनमध्ये बसवलं. कांदा भरून पुण्याकडे निघालो होतो. मोडनिंबच्या अलीकडे एक जीप भलत्याच बाजूने अंगावर आली. तिला चुकवताना ट्रक रस्त्याखाली उतरला आणि कलंडला. काचा, डिझेलचा वास आणि रस्ताभर कांदे. आबांनी मला फुटलेल्या पुढच्या काचेतून ओढून बाहेर काढलं, रस्त्यावर उभं केलं, डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं आणि कानशिलात अशी ठेवून दिली की माझा एक दात उडून कांद्यांत पडला. माणसं जमली होती. त्यातला एकजण म्हणाला, "अवो, पोराला कशापायी मारताय?" आबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

अपघाताचा विषय निघाला की मी लोकांना सांगतो, ट्रक उलटला तरी मला खरचटलं नाही, दात बापाने पाडला. लोक हसतात. मी तो दात आबांना कधी माफ केला नाही.

दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. मी त्यांना सोलापुरात घरी आणलं. प्रेमाने आणलं असं म्हणालो तर ते खोटं होईल. एकुलता एक पोरगा असून बापाला टाकलं, असं भावकी म्हणेल म्हणून आणलं. त्यांचं सगळं बायकोनेच केलं. माझी लेक सहा वर्षांची, ती त्यांचे केस विंचरायची आणि भांग कुठल्या बाजूला पाडायचा यावरून त्यांच्याशी भांडायची. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायचो.

मी खेळायला बसलो की आबा मागे प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसायचे. मी वळणावर जोरात आलो की त्यांचा उजवा पाय फरशीवर ब्रेक दाबायचा. पस्तीस वर्षांची सवय. झटक्यानंतर त्यांचं डोकं कधी लख्ख असायचं, कधी वीस वर्षं मागे जायचं.

"ह्याला बी लायसन लागतंय व्हय?" एकदा विचारलं.

"लागतं."

"साह्यबाला काय चारलंस?"

मला हसू आलं होतं, पण मी ते दाखवलं नाही. आणखी एकदा माझी गाडी कठड्यावर आपटून आडवी थांबली. आबा खुर्चीतून पुढे वाकले. "त्यातला मानूस कुटं गेला?"

"आबा, त्यात माणूस नसतो."

"मग त्ये हेल्मेट कुणी घातलंय?"

मी नवी शर्यत लावली.

आता लीगचं, म्हणजे आमच्या शर्यतींच्या स्पर्धेचं, सांगायला हवं. आम्ही बारा जण आहोत, काही सोलापुरातले, काही अक्कलकोट-बार्शीचे. दर रविवारी दुपारी तीनला ज्याने त्याने आपापल्या घरून इंटरनेटवर शर्यत खेळायची. भांडणं व्हायचीच, म्हणून आम्ही तीन पंच नेमले. कुणी कुणाला ठोकलं तर तोंडी तक्रार चालत नाही. त्याच दिवशी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर क्लिप टाकायची, पंच ती बघणार आणि ज्याची चूक त्याला सेकंदांची शिक्षा देणार. क्लिप काढणं सोपं असतं. खेळाचं मशीन प्रत्येक शर्यतीची शेवटची काही मिनिटं स्वतःच साठवून ठेवतं, एक बटण दाबलं की झालं. पूर्वी एकदा मी माझी सगळ्यात वेगवान फेरी मारली होती, तेव्हा आपला जल्लोषही क्लिपमध्ये यावा म्हणून माइकचा आवाज साठवायची सोय चालू केली होती. ती बंद करायची राहून गेली.

त्या रविवारी हंगामाची शेवटची शर्यत होती. गुणांत मी दुसरा होतो. तिसरा आमच्याच चौकातल्या बेकरीचा मालक, चांगला माणूस, पण ट्रॅकवर दांडगा. उन्हाने फरशी तापली होती. बायको लेकीला घेऊन गल्लीतल्या एका बारशाला गेली होती. कानांवर हेडफोन, तोंडापुढे त्याचाच माइक (शर्यत चालू असताना आम्ही एकमेकांचा आवाज बंद ठेवतो), मागे खुर्चीत आबा.

शेवटची फेरी, जर्मनीतल्या जंगलातला ट्रॅक, उतारावरचं डावं वळण. मी ब्रेक लावला आणि बेकरीवाल्याने मागून घातली. स्टीअरिंग हातात थडथडलं. गाडी गरगर फिरत कठड्यावर गेली, तिथून उसळून दुसऱ्या बाजूला आपटली आणि रस्त्यात आडवी झाली. डोळ्यांसमोरून पाच गाड्या निघून गेल्या. वर्षभराची मेहनत निघून गेली. माझ्या कानात रक्त वाजायला लागलं, आणि तेवढ्यात कुणीतरी माझा खांदा धरला. धरून हलवलं, हेडफोनची वायर ओढली.

मी वळलो आणि मारलं. मुठीने.

कोण आहे ते मी बघितलं नाही, असं मी स्वतःला नंतर सांगत होतो. हे खोटं आहे. घरात दुसरं होतंच कोण? मूठ आबांच्या डोळ्याखाली बसली. ते खुर्चीवर पडले, खुर्चीचा पाय मोडला आणि ते फरशीवर गेले. त्यांची कवळी तोंडातून निसटून टीव्हीच्या स्टँडखाली घरंगळत गेली. मी हेडफोन काढून आपटला आणि ओरडलो, "मरायचंय का म्हाताऱ्या? सगळं घालवलंस!" आणखी बरंच बोललो, ते लिहीत नाही. त्यांना उठवायला वाकलो तेही सरळ नाही. बंडीला धरून आधी गदगदा हलवलं, मग उठवलं. पलंगावर बसवलं, कवळी धुऊन त्यांच्या हातात दिली. ते काहीतरी पुटपुटत होते. माझ्या कानात अजून घूं होत होतं. मी ऐकलं नाही.

बायको पाच वाजता परत आली. आबांच्या डोळ्याखाली जांभळं झालं होतं.

"काय झालं वो आबा?"

आबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "मोरीत घसरलो."

आणि मी काय केलं? मी म्हणालो, "तरी मी कधीचं सांगतोय, मोरीत रबरी चटई टाका." या सगळ्या प्रकारात मला माझी सगळ्यात जास्त शिसारी येते ती या वाक्याची. मूठ रागात उठली असं निदान म्हणता येतं. हे वाक्य मी थंड डोक्याने बोललो होतो.

सुटलो, असं वाटलं. आणि सुटल्यावर मला पुन्हा बेकरीवाल्याचा राग आला. त्याला शिक्षा झालीच पाहिजे होती, पाच सेकंद जरी बसले तरी माझा दुसरा नंबर परत येत होता. संध्याकाळी मी क्लिप काढली. लेक शेजारी अभ्यास करत होती म्हणून टीव्हीचा आवाज बंद होता. गाडी आपटते आणि पुढे थोडा वेळ तशीच आडवी उभी दिसते. मला धक्का कुणाचा ते स्पष्ट दिसत होतं, तेवढं पुरे होतं. ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "डोळे असतील तर बघा आणि न्याय करा."

एरवी क्लिप पडली की ग्रुपवर आग लागते. अंगठे, शिव्या, हसणं. त्या संध्याकाळी काहीच नाही. बघितल्याच्या खुणा एकेक करून उमटत गेल्या आणि कुणी एक अक्षर लिहिलं नाही. मला वाटलं, पुरावाच असा आहे की बोलती बंद झाली सगळ्यांची.

मग बेकरीवाल्याचा फोन आला.

"भाई, तुम क्लिप सुने नै क्या?"

"ऐकायचं काय त्यात? ठोकलंस ते दिसतंय ना."

"ठोक्या मैं, मान्य है. मेरेकू धा सेकंद डालो. पर पयले वो क्लिप उडाव भाई." मग म्हणाला, "अब्बा कैसे हैं तुमारे?"

मी गच्चीवर गेलो, हेडफोन लावला आणि क्लिप ऐकली.

इंजिनाचा आवाज, माझी शिवी, धडक, दुसरी धडक. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग एक पाय टाकत आणि दुसरा ओढत कुणीतरी घाईने येतंय, चप्पल फरफटतेय. झटक्यानंतर आबा घाईने चाललेले मी कधी बघितले नव्हते. आणि मग माइकच्या अगदी जवळ, धापा टाकत:

"लागलं का रं? आं? कुटं लागलं? दार उगड. दार उगड, भाईर ये आदी. पेट घील ती."

त्यानंतर तो आवाज. ओला टॉवेल दगडावर आपटावा तसा. खुर्ची मोडली. मग ओरडणं सुरू झालं, आणि पहिले दोन क्षण मला वाटलं आबाच ओरडतायत, तो आवाज इतका त्यांचा होता. पट्ट्याच्या दिवसांतला. त्या ओरडण्यात मी मध्ये श्वास घ्यायला थांबलो होतो. तेवढ्या फटीत, कवळी नसलेल्या तोंडाने, ते म्हणाले, "बरं, बरं. तुला लागलं न्हाय नव्हं?"

मी क्लिप ग्रुपवरून काढली. काढून काय होणार होतं? अकरा जणांनी माझ्या बापाचं विचारणं माझ्या आधी ऐकलं होतं. थोड्या वेळाने अक्कलकोटच्या पंचांचा, ते शाळेत मास्तर आहेत, निकाल आला. "धक्का मागच्या गाडीचाच. पाच सेकंद शिक्षा. बाकीच्यासाठी आपल्याकडे नियम नाही." मला दुसरा नंबर मिळाला.

आता बायकोला सांगायचं की नाही, एवढंच राहिलं होतं. आबांनी मला झाकलं होतं. मी गप्प बसलो असतो तर संसार होता तसा राहिला असता. मी सांगितलं, पण त्यात माझा मोठेपणा काही नाही. चौकातल्या त्या बेकरीत ती रोज पाव आणायला जाते. आज ना उद्या तिला कळलंच असतं. मी हेडफोन तिच्या हातात दिला. तिने ओट्याशी उभी राहून सगळं ऐकलं, एकदाच. मग गॅस बंद केला.

"जेवून घ्या," म्हणाली.

सकाळी तिने दोन बॅगा भरल्या. एक तिची आणि लेकीची. दुसरीत आबांची धोतरं, गोळ्या, तेलाची बाटली. मला आधी कळलंच नाही.

"ही कुणाची?"

"आबांची. आबा येत्यात माझ्यासंगं."

"तुझ्या माहेरी?"

"मी एकटी जाऊन काय उपेग? मार त्यांनी खाल्लाय."

माझं डोकं सणकलं. माणसं बायको माहेरी गेलेली लपवतात, पावणेरावळे आलेत म्हणतात, तब्येत म्हणतात. पण सासरा सुनेच्या माहेरी जाऊन राहिला तर काय सांगणार? अख्ख्या करमाळ्यात प्रश्न एकच, पोरगा कुठं हाय? माझी लाज ती भर बाजारात मांडायला निघाली होती. मी दारात आडवा उभा राहिलो आणि म्हणालो, आबा कुठेही जाणार नाहीत.

गंमत म्हणजे आबा माझ्याच बाजूचे. "सुनंच्या माहेरी ऱ्हाऊ व्हय म्या? लोकं शेण घालतील तोंडात. आगं, पोरगाच हाय की माजा. बापाला चार बोटं लागली तर काय आबाळ कोसळलं का?"

मी जिंकलो होतो. "बघ, ऐकलंस?" असं बायकोला म्हणालो आणि पलंगावरची त्यांची बॅग परत माळ्यावर टाकायला उचलली. आबा पलंगावरच बसले होते आणि माळा त्यांच्या डोक्यावरच आहे. बॅग घेऊन माझा हात वर गेला.

आबांनी कोपर डोक्यावर घेतला. एकच, उजवा. डावा हात वर जातच नाही, तरी तो मांडीवरून जरासा हलला. डोळे घट्ट मिटलेले, मान खांद्यात ओढलेली. बाहत्तर वर्षांचा माणूस, पाच हजार वेळा घाट चढून उतरलेला, माझ्या हाताखाली एवढासा होऊन बसला होता.

ते बसणं मी ओळखत होतो. ते माझं होतं. खुंटीखालचं.

लेक दारात उभी राहून बघत होती.  मी बॅग हळूच खाली आणली आणि रिक्षा बोलवायला गेलो. आबांना समजवायची गरजच पडली नाही. नातीने हात धरला, ते उठले आणि निमूट चालायला लागले.

स्टँडवर करमाळ्याची गाडी लागलेली होती. दोन्ही बॅगा मीच चढवल्या. बायकोने आबांना खिडकीशी बसवलं, लेकीला मांडीवर घेतलं. मी विचारलं, "कधी येणार?" ती म्हणाली, "त्यांना तुमचं भ्या वाटंनासं झालं की. त्यांनाच इचारत जावा." एवढं बोलून तिने तोंड फिरवलं. तिला रडू येत होतं आणि ते मला दिसू द्यायचं नव्हतं.

मी खाली उतरून खिडकीशी गेलो. आबांच्या डोळ्याखालचं जांभळं आता कडेने काळं पडत होतं. माझी मूठ त्या जागी बरोबर बसेल एवढं ते होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना ते विचारलं, आणि विचारताना माझी भाषाही लहानपणीची झाली.

"आबा, लई लागलं का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. ओळखलं की नाही तेही मला कळेना. मग खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून हळूच म्हणाले, "त्यो भाईर आला का?"

"कोण?"

"त्या गाडीतला. आडवी पडली हुती न्हवं ती."

खेळात दार उघडत नाही. ती गाडी अजून त्या जंगलात तशीच आडवी असेल, आणि आत तो हेल्मेटवाला, मान न हलवणारा.

"आला," मी म्हणालो.

"सगळा? हात, पाय?"

"सगळा. कुटं लागलं न्हाय त्याला."

आबांनी मोठा श्वास सोडला. त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. मग रागाने म्हणाले, "मग दिली का न्हाय त्याच्या कानाखाली एक?"

"का, आबा? वाचला की त्यो."

"वाचला म्हनूनच." त्यांचा चांगला हात वर आला, थप्पड मारायला उचलावा तसा, आणि खिडकीच्या कडेवर टेकला. "आपला जीव गेलेला आसतुया रं तवर."

कंडक्टरने बेल मारली. गाडी मागे आली, वळली, फाटकातून बाहेर पडली. मी तिथेच उभा राहून मोडनिंबचा रस्ता आठवून बघत होतो. कांदे आठवतात. डिझेलचा वास आठवतो. अंगावरून फिरलेले हात आठवतात, मग ती थप्पड. मारण्याआधी आबांनी मला काही विचारलं होतं का, ते मी तेव्हापासून रोज आठवून बघतो. आठवत नाही. करमाळ्याची गाडी मोडनिंबवरूनच जाते.